वाचकांचे प्रश्न : मुलूच्या गुहा आणि गावाईचे कुचिंग

बोर्निओ बेटावरील मलेशियाच्या सारावाक राज्यात अल्पावधीची सहल कशी आखावी, यासंबंधी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या वेळी उत्तरे देत आहोत. पहिले पत्र सविस्तर असल्याने त्याचे उत्तरही लांबले आहे.

प्रश्न : आम्ही दोघे आणि नववीत जाणारी आमची मुलगी असे तिघे २४ मेच्या रात्री मुंबईहून निघून १ जूनच्या रात्रीपर्यंत परत येऊ शकतो. मुलीला वर्षावनातील गुहा पाहायच्या आहेत आणि मला तेथील सुगीचा सण शहरात राहून अनुभवायचा आहे. एका पर्यटन कंपनीने आठ दिवसांत मुलू, निआ, कुचिंग आणि शेजारच्या साबा राज्यातील कोटा किनाबालू असा कार्यक्रम दिला असून त्यात दोन राज्यांतील दोन सण दाखवण्याचे आश्वासन आहे. हा कार्यक्रम स्वीकारावा का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : स्वीकारू नये. नकाशावर ही चार ठिकाणे एका बेटाच्या एकाच काठावर दिसतात, म्हणून ती जवळजवळ वाटतात. प्रत्यक्षात आपले आठापैकी निदान चार दिवस विमानतळांवर जातील. कोटा किनाबालू आणि निआ ही दोन नावे काढून टाकावीत आणि वाचलेला वेळ मुलू व कुचिंग यांना द्यावा, असा माझा सल्ला आहे. साबातील कादाझान-दुसून लोकांचा कामातान हा सण ३० व ३१ मे रोजी असतो आणि सारावाकमधील दायाक लोकांची गावाई १ जूनला असून तिची खरी सुरुवात ३१ मेच्या संध्याकाळी होते. म्हणजे एका सणाचा शेवट आणि दुसऱ्याचा आरंभ एकाच दिवशी येतो, आणि दोन्ही पाहण्याच्या नादात दोन्हींच्या ऐन वेळी आपण विमानात असाल.

आता गुहांविषयी. आपल्याकडे डोंगरातील पोकळी म्हटली की कार्ले, भाजे, अजिंठा डोळ्यांसमोर येतात. परंतु ती लेणी आहेत, माणसाने छिन्नीने कोरलेली. सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे आपल्या डोंगरांत निसर्गाने केलेल्या मोठ्या गुहा जवळजवळ नाहीतच. मुलूचा डोंगर चुनखडीचा आहे. तेथे पडणारे पावसाचे पाणी हवेतील आणि त्याहून अधिक जंगलाच्या मातीतील कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते, खडकाच्या भेगांत शिरते आणि लाखो वर्षे तो खडक विरघळवत राहते. गुनुंग मुलू राष्ट्रीय उद्यान २००० साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. तेथील ‘सारावाक चेंबर’ हे दालन सुमारे ६०० मीटर लांब आणि ४०० मीटरांहून अधिक रुंद आहे. १९८१ साली ब्रिटिश गुहासंशोधकांनी ते शोधले, तेव्हा त्यांच्या दिव्यांचा उजेड समोरच्या भिंतीपर्यंत पोहोचत नव्हता. मात्र हे दालन पाहण्यासाठी दिवसभराची खडतर वाटचाल करावी लागते, त्यामुळे आपल्या बेतात ते बसणार नाही.

आपल्यासाठी चार गुहा पुरेशा आहेत. उद्यानाच्या कार्यालयापासून जंगलातून गेलेल्या लाकडी पायवाटेने सुमारे तीन किलोमीटर चालल्यावर लँग्ज केव्ह आणि डीअर केव्ह लागतात. या गुहांत वाटाड्याशिवाय प्रवेश मिळत नाही आणि वाटाड्यांच्या फेऱ्यांतील जागा मर्यादित असतात, म्हणून विमानाचे तिकीट आणि गुहेची नोंदणी एकाच बैठकीत करावी. लँग्ज केव्ह लहान असली तरी तिच्यातील चुन्याचे लोलक आणि स्तंभ इतके जवळून पाहायला मिळतात की, माझ्या मते ती आधी पाहणे योग्यच. डीअर केव्ह पाहून आल्यावर कोणतीही गुहा कोठीच्या खोलीसारखी वाटते. डीअर केव्हच्या आतल्या बोळाची उंची आणि रुंदी बहुतेक ठिकाणी ९० मीटरांच्या वर आहे. तेथे अमोनियाचा उग्र दर्प येतो, पायाखाली वटवाघुळांच्या विष्ठेचे ढीग असतात आणि त्यांवर किड्यांची वेगळीच सृष्टी नांदते. मुलीला याची कल्पना आधी द्यावी. नववीतल्या मुलांना बहुधा हाच भाग सर्वांत आवडतो.

संध्याकाळी पाच ते साडेसहाच्या सुमारास याच गुहेतून लाखो वटवाघुळे बाहेर पडतात. त्यांची संख्या तीस लाखांच्या आसपास असावी, असा अंदाज सांगितला जातो. त्यांची रांग आकाशात धुराच्या वळशांसारखी पिळे घेत जाते. एकेकट्याने निघाल्यास टपून बसलेल्या ससाण्यांच्या तावडीत सापडण्याची शक्यता अधिक असल्याने ती अशी झुंडीने निघतात. पण पाऊस असेल तर ती निघत नाहीत. मी गेलो होतो त्या पहिल्या संध्याकाळी साडेचारला सर आली आणि आम्ही पन्नास-साठ माणसे बाकांवर रेनकोट घालून रिकाम्या आकाशाकडे पाहत बसलो; दुसऱ्या दिवशी मात्र पाऊण तास ती रांग तुटली नाही. मुलूत एकच रात्र ठेवणारा कोणताही कार्यक्रम मी नाकारतो, तो याच अनुभवामुळे. दोन रात्री म्हणजे दोन संध्याकाळी.

दुसऱ्या दिवशी सकाळी लांब होडीने मेलिनाऊ नदीतून विंड केव्ह आणि क्लिअरवॉटर केव्ह पाहाव्यात. क्लिअरवॉटरच्या भुयारांची आजवर मोजलेली लांबी दोनशे किलोमीटरांहून अधिक आहे. पर्यटकांना तिचा अगदी थोडा भाग आणि तळाशी वाहणारी नदी दिसते. गुहेबाहेरच्या स्वच्छ डोहात पोहता येते, म्हणून अंगावर बदलण्याचे कपडे सोबत असावेत.

दिवसांची वाटणी अशी करावी. २५ मे रोजी क्वालालंपूरमार्गे सारावाकमधील मिरी या शहरी पोहोचून तेथे मुक्काम करावा. २६ ला सकाळी छोट्या विमानाने मुलू. हे उड्डाण जेमतेम अर्ध्या तासाचे आहे आणि मुलूला जाणारा गाडीरस्ता नसल्याने त्याला व्यवहार्य पर्यायही नाही. २६ व २७ च्या रात्री मुलूत काढून २८ ला कुचिंगला यावे. आधी गुहा आणि मग शहर हा क्रम उलटा करू नये. छोटी विमाने ढग उतरले की खोळंबतात आणि अशा वेळी एक दिवस वाया गेला, तर तो शहरातल्या चार दिवसांतून कमी करता येतो. सहलीच्या शेवटी खोळंबा झाल्यास मात्र परतीचे तिकीटच हातचे जाते. मुलूचे विमान लहान असल्याने सामानाच्या वजनाची मर्यादा कडक असते, आणि रोकड मिरीतच काढून घ्यावी.

मुलूची तिकिटे मिळालीच नाहीत, तर निआचा विचार जरूर करावा, कारण तेथे मिरीहून गाडीने सुमारे दोन तासांत जाता येते. १९५८ साली सारावाक संग्रहालयाचे टॉम हॅरिसन यांच्या उत्खननात तेथे सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीची मानवी कवटी सापडली, आणि जुलै २०२४ मध्ये नवी दिल्लीत भरलेल्या जागतिक वारसा समितीच्या बैठकीत निआच्या गुहांना वारसास्थळाचा दर्जा मिळाला. पाकोळ्यांची घरटी काढण्यासाठी छतापर्यंत उभारलेले बेलियान लाकडाचे उंच खांब आजही तेथे दिसतात. निआ कमी प्रतीचे आहे म्हणून मी ते वगळलेले नाही. आपल्या आठ दिवसांत दोन्ही नीट पाहून होणार नाहीत, एवढेच कारण आहे.

आता सणाविषयी, कारण पर्यटन कंपन्या नेमकी याच ठिकाणी दिशाभूल करतात. १ जूनला कुचिंगमध्ये मोठा उत्सव दिसेल, अशी समजूत करून आपण जाल तर निराश व्हाल. १ व २ जूनला राज्यभर सुटी असते आणि शहरात नोकरी करणारे इबान व बिदायुह या दायाक जमातींचे लोक आपापल्या गावी, लाँगहाउस म्हणजे अनेक बिऱ्हाडांच्या सामाईक लांब घरात गेलेले असतात. गणेश चतुर्थीला गिरगावातला कोकणी माणूस सापडत नाही, तसाच हा प्रकार आहे. शहरातली गावाई ही गावाईच्या आधीची गावाई असते. मेच्या शेवटच्या आठवड्यात बाजार ओसंडून वाहतात, कार्यालयांतून आणि दुकानांतून पारंपरिक वेशातले कर्मचारी दिसतात, मॉलमध्ये सापे या तंतुवाद्याचे सूर ऐकू येतात, आणि गावी न्यायच्या खरेदीची जी घाई असते ती पाहताना दिवाळीच्या आधीचा दादर किंवा लक्ष्मी रस्ता आठवल्यावाचून राहत नाही. तांदळाचे पीठ व गूळसाखर यांची, कडेला कुरकुरीत जाळी सुटणारी पेन्याराम ही तळलेली गोड वडी मी प्रथम चाखली, तेव्हा घरी अनारसे तळायला बसलेल्या आजीचीच आठवण झाली. म्हणून २८ ते ३० मे हे दिवस शहरासाठी राखावेत आणि ३१ मेचा दिवस गावाकडे द्यावा. त्याविषयी पुढील एका प्रश्नाच्या उत्तरात लिहिले आहे.

कुचिंगमध्ये सारावाक नदीकाठचा फेरफटका संध्याकाळी करावा. पलीकडच्या तीरावर ब्रूक घराण्याचे आस्ताना आणि फोर्ट मार्गेरिटा या वास्तू आहेत. १८४१ ते १९४६ अशी शंभराहून अधिक वर्षे हे इंग्रज कुटुंब येथे ‘राजा’ म्हणून राज्य करीत होते. २०२२ साली उघडलेल्या बोर्निओ कल्चर्स म्युझियमला अर्धा दिवस द्यावा, कारण तेथे लाँगहाउसच्या चालीरीती समजून घेऊन मग गावाकडे गेल्यास पुष्कळ गोष्टींचा अर्थ लागतो. ३० मेच्या सकाळी सेमेंगो येथे ओरांगउटान पाहावेत. त्यांना सकाळी नऊ आणि दुपारी तीन वाजता फळे ठेवली जातात, पण जंगलात फळांचा हंगाम असेल तर ते येतीलच असे नाही.

एक गोष्ट बहुतेक प्रवाशांना माहीत नसते. सारावाकची प्रवेशतपासणी स्वतंत्र आहे, त्यामुळे क्वालालंपूरहून मिरीला जाणारे विमान देशांतर्गत असले तरी उतरल्यावर पुन्हा पारपत्र दाखवावे लागते. ते मोठ्या बॅगेत टाकू नये. भारतीय नागरिकांना १ डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांपर्यंतच्या पर्यटनासाठी मलेशियाने व्हिसामाफी दिलेली आहे, पण ती मुदतीची सवलत असल्याने तिकीट काढण्यापूर्वी तिची सद्यस्थिती पाहावी. पोहोचण्यापूर्वीच्या तीन दिवसांत आगमनाचे डिजिटल पत्रक भरणे मात्र आवश्यक आहे.

प्रश्न : माझे वय ६८ असून गुडघे दुखतात. सपाटीवर मी रोज तीन किलोमीटर चालतो, परंतु पायऱ्या त्रासदायक होतात. मुलाच्या कुटुंबासोबत मुलूला जावे की कुचिंगमध्येच थांबावे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपण मुलूला जावे, पण सगळ्या गुहा पाहण्याचा हट्ट धरू नये. डीअर केव्हपर्यंतची वाट लाकडी फळ्यांची आणि बरीचशी सपाट आहे. जाऊन येऊन सहा किलोमीटर आणि गुहेतील चढउतार मिळून आपल्या रोजच्या चालण्याच्या दुपटीहून अधिक होईल, मात्र ते दुपारभरात, थांबत थांबत करायचे असते. परतीची वाट अंधारात असते, म्हणून प्रत्येकाकडे स्वतंत्र विजेरी असावी आणि ओल्या फळ्यांवर न घसरणारे बूट असावेत. क्लिअरवॉटर केव्हच्या तोंडाशी पोहोचण्यासाठी सुमारे दोनशे पायऱ्या चढाव्या लागतात. त्या दिवशी आपण होडीने सर्वांसोबत जावे आणि घरचे वर जातील तोवर खाली डोहाकाठी बसावे. नदीतला प्रवास हाच त्या सकाळचा अर्धा आनंद आहे. निआ मात्र टाळावे, कारण तेथील अंतरही मोठे आहे आणि गुहेच्या आतल्या निसरड्या, अंधाऱ्या पायऱ्या गुडघ्यांची परीक्षा पाहणाऱ्या आहेत. आपल्याला दम्याचा त्रास असल्यास डीअर केव्हमधील दर्पाविषयी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. सारावाकच्या जंगलभागात माकडांपासून डासांमार्फत माणसाला होणारा हिवतापाचा एक प्रकार आढळतो, म्हणून अंगभर कपडे आणि डासप्रतिबंधक मलम सर्वांनीच वापरावे, आणि परतल्यावर ताप आल्यास कोठे जाऊन आलो हे डॉक्टरांना न विसरता सांगावे.

प्रश्न : लाँगहाउस म्हणजे नेमके काय, आणि गावाईच्या दिवशी परक्या माणसाने तेथे जावे का? आम्ही मद्य घेत नाही. तेथे तांदळाचे मद्य नाकारणे अपमानाचे समजतात असे ऐकले आहे. (एक वाचक, मुंबई)

उत्तर : आपण मुंबईचे असल्याने समजावणे सोपे आहे. आपली चाळ उचलून नदीकाठी खांबांवर ठेवली तर जे होईल ते लाँगहाउस. ओळीने बिऱ्हाडे, प्रत्येकाचे दार वेगळे, आणि सर्व दारांसमोरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली एकच सामाईक जागा, जिला इबान लोक ‘रुआई’ म्हणतात. आपण चाळ खोल्यांवर मोजतो, ते लाँगहाउस दारांवर मोजतात. सणवार, भांडणे, निवाडे, पाहुणचार सगळे त्या रुआईत चालते.

३१ मेच्या संध्याकाळी तेथे ‘मुआई अंतु रुआ’ नावाचा विधी होतो. हाव आणि नासाडी यांचे भूत घराबाहेर घालवणे, हा त्याचा अर्थ. दोन मुले किंवा दोन पुरुष सूप ओढत रुआईतून फिरतात आणि प्रत्येक घरचा माणूस आपल्याकडची एखादी नकोशी वस्तू त्यात टाकतो. आश्विन अमावास्येच्या रात्री सूप वाजवून अलक्ष्मीला घराबाहेर काढण्याची आपली रीत ज्यांनी लहानपणी पाहिली आहे, त्यांना हे सूप परके वाटणार नाही. भाताच्या पिकावर जगणाऱ्या घरात पाखडण्याच्या वस्तूलाच हा मान मिळावा, हे मला स्वाभाविक वाटते. त्यानंतर देवतांना व पूर्वजांना नैवेद्य दाखवून जेवणे होतात आणि ‘गायू गुरू गेराई न्यामाई’, म्हणजे दीर्घायुष्य, आरोग्य आणि समृद्धी लाभो, असे म्हणत रात्र जागवली जाते. हा सण जुन्या सुगीच्या विधींवर आधारलेला असला तरी सर्व दायाकांचा एकत्रित, सरकारमान्य सण म्हणून तो प्रथम १ जून १९६५ रोजी साजरा झाला. ब्रिटिश राजवटीने दायाकांच्या नावाने सुटी देण्यास दीर्घकाळ नकार दिला होता, त्यामुळे या तारखेला त्यांच्या लेखी अस्मितेचेही मोल आहे. आज अनेक घरे ख्रिस्ती झालेली असल्याने काही ठिकाणी नैवेद्याऐवजी प्रार्थना होते. त्याला ‘खरी गावाई नव्हे’ असे पाहुण्याने म्हणू नये.

परक्याने जावे, पण कोणाच्या तरी ओळखीने किंवा स्थानिक वाटाड्यासोबत जावे. अचानक जाऊन कॅमेरा काढणे म्हणजे लक्ष्मीपूजन चालू असलेल्या घरात अनोळखी माणसाने शिरण्यासारखे आहे. कुचिंगपासून सुमारे दीड तासावरचे आन्ना राइस हे बिदायुह लोकांचे लाँगहाउस पाहुण्यांना सरावलेले आहे, त्यामुळे पहिल्या भेटीसाठी ते सोयीचे. जाताना बिस्किटे किंवा फळे अशी वाटून खाता येईल अशी भेट न्यावी आणि ती यजमानांच्या हाती द्यावी. मुलांना परस्पर खाऊ वा पैसे वाटू नयेत. ‘तुआक’चा, म्हणजे त्या तांदळाच्या मद्याचा, पेला पुढे आला तर तो हातात घ्यावा, ओठांना लावल्यासारखे करावे आणि हसून परत द्यावा, किंवा बोटाने स्पर्श करून नम्रपणे नको म्हणावे. कारण विचारल्यास सरळ सांगावे. नकार चालतो, तोंड वाकडे केलेले चालत नाही.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत, अंडेही खात नाही. आठ दिवस उपाशी राहावे लागेल का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : कुचिंग आणि मिरीत नाही, मुलूत थोडी तयारी हवी. अडचण मांसाची नसून न दिसणाऱ्या कोळंबीची आहे. ‘बेलाचान’ ही कोळंबी आंबवून केलेली चटणी तेथील बहुतेक परतलेल्या भाज्यांत असते, सारावाक लाक्साचा रस्सा कोळंबीच्या अर्कावर बेतलेला असतो आणि कोलो मी या नूडल्समध्ये प्रायः डुकराची चरबी असते. मिदिन ही तेथील नेच्याची कोवळी रानभाजी अवश्य खावी, पण बेलाचान न घालता केवळ लसणीवर परतून द्यायला सांगावे. ‘साया तीदाक माकान दागिंग, आयाम, इकान, उदांग, तेलुर, बेलाचान’ म्हणजे मी मांस, कोंबडी, मासे, कोळंबी, अंडी, बेलाचान खात नाही. हे वाक्य कागदावर रोमन लिपीत लिहून जवळ ठेवावे, कारण ‘व्हेज’ या शब्दाचा अर्थ तेथे अनेकदा फक्त ‘भाजी घातलेले’ एवढाच होतो. दोन्ही शहरांत भारतीय उपाहारगृहे आहेत, शिवाय चिनी बौद्धांची शाकाहारी भोजनालये आहेत, जेथे बहुधा कांदा-लसूणही वर्ज्य असते. जैन वाचकांनी याची नोंद घ्यावी. तेथील ताटात मांसासारखे दिसणारे तुकडे सोयाबीनचे किंवा गव्हाच्या सत्त्वाचे असतात, त्यामुळे दचकू नये. कुचिंगचा प्रसिद्ध रंगीत थरांचा केक, ‘केक लापिस’, अंड्यांशिवाय होत नाही. तो भेट म्हणून आणायचा असल्यास कोणासाठी याचा विचार करावा. मुलूतल्या दोन दिवसांसाठी मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या न्याव्यात. गरम भात सर्वत्र मिळतो.

प्रश्न : मे-जूनऐवजी चिनी नववर्षाला कुचिंग आणि मुलू असा बेत केला तर? (एक वाचक, पणजी)

उत्तर : शहरासाठी ती वेळ अधिक चांगली आहे, गुहांसाठी नाही. चिनी नववर्ष हा कुचिंगमध्ये खरोखरच शहराचा सण असतो. कार्पेंटर स्ट्रीटवर लाल कंदिलांच्या माळा लागतात, मध्यरात्री चहूकडून फटाके उडतात आणि पंधराव्या दिवसापर्यंत सिंहनृत्याची पथके दारोदार फिरत राहतात. २०२७ मध्ये ते ६ फेब्रुवारीला आहे. परंतु नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा तेथील ईशान्य मोसमी पावसाचा, ‘लांदास’चा काळ असून कुचिंगला जानेवारीत वर्षातला सर्वाधिक पाऊस पडतो. मुलूत नदी चढली की होडीच्या फेऱ्या बंद राहू शकतात, आणि वटवाघुळांचे पावसाशी असलेले नाते वर सांगितलेच आहे. त्या दिवसांत जायचेच असेल तर मुलू सोडून द्यावे, पाच दिवस कुचिंगमध्ये राहावे आणि गुहांची हौस शहरापासून तासाभराच्या अंतरावर असलेल्या बाऊ येथील फेअरी केव्ह व विंड केव्ह (मुलूतील नव्हे, त्याच नावाची दुसरी) यांवर भागवावी. फेअरी केव्हच्या तोंडाशी जाण्यासाठी आता काँक्रीटचा उंच जिना आहे. आत उजेडाचा एक झोत छतातील भोकातून शेवाळलेल्या खडकांवर पडतो, तो अवश्य पाहावा. चिनी नववर्षाच्या आदल्या तीन-चार दिवसांत घरी परतणाऱ्यांच्या गर्दीने क्वालालंपूर-कुचिंग विमानांची भाडी फार चढतात, म्हणून नववर्षाच्या दिवशीच सकाळी पोहोचावे. त्या दिवशी बरीच दुकाने बंद असतील, पण फटाके रात्रीही चालू असतात.